रिकाम्या डब्याची जकात

भूपाल मगदूम ऊर्फ अण्णा यांचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि ज्या थोड्या वस्तूंवर होता त्यांची ते रोज सकाळी उलटतपासणी करत. दुधाची पिशवी हातात तोलून बघत. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख भिंगाखाली धरत. समोरच्या बंगल्यातली मांजर अलीकडे त्यांच्याच कुंपणावर का बसते, यामागे कोणाचा हात आहे, हा तपासही चालू होता.

याला कारण होतं. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी मिरजेच्या जकात नाक्यावर निरीक्षक म्हणून काढली होती. जकात बंद होऊन तीस वर्षं उलटली, नाक्याच्या जागी गाड्या चार्ज करायचं केंद्र आलं, पण अण्णांचा नाका काही उठला नाही. तो त्यांनी घराच्या दारात हलवला. दाराला तीन कड्या होत्या आणि तिन्ही रोज वापरात होत्या.

"कोण?"

"रेश्मा."

"कुठली रेश्मा?"

"रोजची, अण्णा."

"रोजची आहेस तर आज वार कुठला सांग."

"बुधवार."

"ते काय, कुणालाही माहीत असतं," असं पुटपुटत अण्णा पहिली कडी काढत.

रेश्मा आवटी 'शेजारसेवा' योजनेत सेविका होती. मुलं बंगळूरला गेली, शेजारी आपापल्या पडद्यासमोर बसले, आणि शेजारधर्म लोक साफ विसरले, तेव्हा सरकारनं त्याचं एक खातं उघडलं. सेविकेनं चार-पाच घरं सांभाळायची. आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, नखं कापायची, आणि तीच गोष्ट पुन्हा ऐकताना "मग काय झालं?" असं विचारायचं. प्रशिक्षणात एक वाक्य फळ्यावर लिहिलं होतं: 'घरच्यासारखं वागा, पण घरचे होऊ नका.' हे नेमकं कसं करायचं ते सांगायच्या आत चहाची सुट्टी झाली होती.

योजनेत देवाणघेवाणीला सक्त मनाई होती. तरी अण्णा आणि रेश्मा यांच्यात एक स्टीलचा डबा फिरत असे. अण्णांची बायको सुमतीकाकू होती तेव्हा तिनंच तो सुरू केला. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपल्याकडची जुनी रीत. काकूनं डब्यातून चकल्या दिल्या, रेश्मानं त्यात शेंगदाण्याचे लाडू घालून परत केला, काकूनं मग वेलदोडे घातले; काकू गेली आणि डबा फिरतच राहिला. अण्णा त्यात खडीसाखर घालत. रेश्माकडून आलेला डबा ते दारातच उघडून, वास घेऊन, "यात तूप कमी आहे" असा शेरा मारून आत घेत. ती त्यांची पावती.

मग बुगडी आली.

तिच्यामागचं शास्त्र तसं साधं होतं. दोन माणसं बराच वेळ जवळ बसली की नकळत त्यांचे श्वास एका लयीत येतात, आणि हृदयाचे ठोकेही एकमेकांच्या मागून धावू लागतात. आजाऱ्याच्या छातीत धडधडलं की उशाशी बसलेल्याच्याही धडधडतं. अडाणी लोक याला माया म्हणत. तज्ज्ञांनी त्याला 'भावभार' असं नाव दिलं आणि तो मोजायला घेतला. सेविकांच्या अंगावर हा भार थराथरानं चढतो, असं दिसलं. सांभाळलेलं माणूस गेलं की सेविका खचते, तिला रजा हवी असते, आणि रजेच्या अर्जावर 'मृताशी नातं' असा रकाना असतो. रेश्माच्या हातावर खाडेमामा गेले तेव्हा तिनं तिथं नुसती रेघ मारली होती. रजा नामंजूर झाली. अशा रेघा मारून मारून निम्म्या सेविका काम सोडून गेल्या.

तेव्हा उपाय निघाला. मेंदूकडून हृदयाकडे उतरणारी एक लांबलचक नस आहे. तिची एक बारीक फांदी कानाच्या वरच्या खळग्यात कातडीच्या अगदी जवळ येते. तिथं मुंगी चालावी इतका हलका विजेचा प्रवाह सोडत राहिलं, की हृदय आपल्या चालीनं चालतं, दुसऱ्याच्या मागं धावत नाही. कानाच्या वरच्या कडेला अडकवायच्या या यंत्राचं सरकारी नाव 'भावभार नियंत्रक'. सेविका बुगडी म्हणत, कारण ती बसे बुगडीच्या जागी, आणि सरकारकडून मिळालेला तो पहिलाच दागिना होता. सकाळी केंद्रातून घ्यायची, संध्याकाळी तिच्या पेटीत घालून जमा करायची. कामाच्या वेळात काढली तर ती ओरडते आणि केंद्रातून फोन येतो.

राजीनामे थांबले. पुढच्या वर्षी पिंगळेकाकू गेल्या, त्याही रेश्माच्याच हातावर. रेश्मानं त्यांचे डोळे मिटले, मुलाला कळवलं, नोंद केली आणि पुढच्या घरी वेळेवर पोचली. तिथल्या आजोबांना तिनं दाढी छान करून दिली. मनाला काहीही न लागता दिवस कसा सुरळीत जातो, याचं तिला तेव्हा कौतुकच वाटलं होतं. म्हणजे, वाटायला हवं होतं असं तिला आठवतं.

त्या बुधवारी अण्णांनी नेहमीप्रमाणे दारातच डबा उघडला. वास घ्यायला नाक खाली नेलं आणि तसंच ठेवलं.

"हे काय?"

"डबा, अण्णा. घासून आणलाय."

"ते दिसतंय. माल कुठाय?"

रेश्मानं आत पाहिलं. डबा लखलखीत होता. त्यात काही घालायचं असतं, हे तिला माहीत होतं, विसरलीही नव्हती. घालावंसं वाटलं नव्हतं, इतकंच.

"नाक्यावर लोक भरलेला ट्रक आणायचे आणि रिकामा आहे म्हणून शपथा घ्यायचे," अण्णा सावकाश म्हणाले. "सगळी नोकरी त्यांना पकडण्यात गेली. खरोखर रिकामी गाडी आज पहिल्यांदा बघतोय." मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं होतं तसंच. "तुला काहीतरी झालंय. कुणीतरी काहीतरी केलंय."

"मला काही झालं नाही. तुम्ही निश्चिंत राहा."

"हेच. हे असलं बोलायला तुला कुणी शिकवलं?"

अण्णांनी तपास हाती घेतला. त्यांची पद्धत जुनी होती: संशयित बेसावध असताना सापळा लावायचा.

दोन दिवसांनी रेश्मा आली तर तिन्ही कड्या काढलेल्या. अण्णा स्वयंपाकघरात फरशीवर पालथे पडलेले, एक हात ओट्याखाली, चष्मा बाजूला. रेश्मा थांबली. पिशवी खुर्चीवर ठेवली. गुडघ्यावर बसून मानेवरची नाडी बघितली, श्वास बघितला, घड्याळ बघितलं, आणि रुग्णवाहिकेचा नंबर काढण्यासाठी शांतपणे मोबाइल काढला. चष्मा कुणाच्या पायाखाली येईल म्हणून तो घडी करून ओट्यावर ठेवायलाही ती विसरली नाही.

"पकडली!" अण्णा उठून बसले.

रेश्मानं मोबाइल आत ठेवला. "लागलं नाही ना कुठं?"

"अगं, मी मेलो होतो की!"

"नव्हता. नाडी चालू होती."

"ते तुला नंतर कळलं. दारातनं दिसलो तेव्हा काय वाटलं?" अण्णांचा आवाज चिरका झाला. "आता तरी शिवी दे. म्हाताऱ्या, असला खेळ करतोस होय, म्हणून दोन शब्द सुनाव. हातातलं काहीतरी खाली पाड."

"तुम्ही सुरक्षित आहात, हे महत्त्वाचं," रेश्मा म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावर तीनदा थोपटलं. थोपटणं तीनदाच, तळहात सैल ठेवून, असं प्रशिक्षणात होतं.

अण्णांनी खांदा काढून घेतला. सापळा लावणाराच घाबरला होता. ओट्यावरचा चष्मा त्यांनी उलटा लावला, आणि रेश्मानं त्याची नोंद केली.

घरी तिची मुलगी आर्या उशीत तोंड खुपसून पडली होती. नर्सिंगच्या प्रवेशयादीत नाव नव्हतं. जिवलग मैत्रिणीचं होतं. रेश्मानं बुगडी केंद्रात जमा केली होती. कान मोकळा होता. ती पलंगाच्या कडेला बसली.

"मी ऐकतेय," ती म्हणाली. "तुम्हाला कसं वाटतंय?"

हुंदके थांबले. आर्यानं उशीतून तोंड वर काढलं.

"काय म्हणालीस?"

रेश्माचा हात तोवर खांद्यावर पोचला होता. एक, दोन, तीन.

"आई, मी तुझी पेशंट नाहीये," आर्या हात झटकून म्हणाली. "पहिल्यासारखं ओरड ना माझ्यावर. अभ्यास केला नाहीस म्हण, मोबाइलात डोकं घालून बसलीस म्हण. तू हल्ली... घरात कुणीतरी कामाला आल्यासारखी असतेस."

रेश्मा स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. आपल्याला आता वाईट वाटलं पाहिजे, हे तिला समजत होतं. तिनं वाट पाहिली. कुकरची शिट्टी झाली, तेवढंच झालं. मग एक विचार आला, थंडगार आणि नेटका: बुगडी रोज संध्याकाळी जमा होते. तिनं शिकवलेलं जमा होतंय का?

दुसऱ्या दिवशी तिनं केंद्रप्रमुख परीटसरांना हेच विचारलं. नस शिकते का? बुगडी काढल्यावरही तशीच वागते का?

"तक्रार कोणाची आहे?" सरांनी हसतमुखानं विचारलं. ते नेहमी हसतमुख असत.

"माझीच."

"म्हणजे तुम्हाला वाईट वाटतंय?"

"वाटत नाही, हीच तक्रार आहे."

"मग यंत्र व्यवस्थित चालू आहे," सर म्हणाले. "वाईट वाटायला लागलं तर लगेच या, बदलून देऊ."

"पण सर, घरी मुलगी..."

"मॅडम, तुमचं नाव कायम करण्याच्या यादीत आहे. या टप्प्यावर तुम्ही लेखी काही देऊ नये, असं माझं व्यक्तिगत मत." त्यांनी मान डोलावली, तसे कानावरचे केस बाजूला झाले. बुगडी होती. रेश्मानं नकळत दुसऱ्या कानाकडे पाहिलं. तिथंही होती.

दारात शबाना मुल्ला भेटली. ती जुनी सेविका, रेश्माच्या आधीपासूनची. "काढायचा विचार आहे होय?" तिनं इकडंतिकडं बघून हळू विचारलं. "माझ्या नणंदेनं काढली होती. आठ दिवस काही नाही. मग एस.टी. स्टँडावर बसली आणि जेवढी म्हातारी माणसं तिच्या हातावर गेली तेवढ्या सगळ्यांसाठी एकदम रडली. लोकांना वाटलं पाकीट मारलं. तेव्हापासून घरीच आहे." आणि मग, पूर्वीची शबाना कधी म्हणाली नसती असं म्हणाली: "तू निश्चिंत राहा."

रेश्मानं हे सगळं अण्णांना सांगितलं. का सांगितलं, ते तिलाही कळलं नाही. कदाचित अख्ख्या मिरजेत एवढा एकच माणूस उरला होता ज्याचा तिच्या ठीक असण्यावर विश्वास नव्हता.

अण्णांनी बुगडी बोटानं न शिवता चारी बाजूंनी पाहिली. "काढली की ओरडते म्हणतेस. तिला कसं कळतं काढली ते?"

"कानाची ऊब लागते. आणि नाडी."

"कुणाची नाडी, ते कळतं?"

रेश्मानं कानाला हात लावला. सर्वांत स्वस्त निविदा मंजूर झाली होती, एवढं तिनं ऐकलं होतं.

"म्हणजे नाही कळत," अण्णा खूश झाले. "पावतीवर ट्रकचा नंबर न बघणारे असले कारकून आमच्याकडंही होते. आण इकडं." त्यांनी पांढऱ्या केसांची झुलपं मागं सारून कान पुढं केला. "तू इथं आलीस की ही माझ्या कानावर. जाताना परत तुझ्या."

"अण्णा, तुम्हाला त्रास झाला तर?"

"मला काय होणार? माझ्याकडं तिनं बंद करण्यासारखं आहेच काय?"

हा हिशेब मात्र चुकला.

आधी रेश्माला काहीच झालं नाही. अण्णांचं घर हे तिचं शेवटचं, आणि सगळ्यांत जास्त वेळाचं. सूर्यास्ताच्या आत त्यांना जेवायला वाढून ती निघे, तोवर दुपारभर कान मोकळा असे. मग एकदा मंडईत वांग्याचा भाव ऐकून तिनं हातातलं वांगं ढिगावर परत आदळलं. राग! ती तो जपून घरी घेऊन आली. पलंगावर आर्याचा ओला टॉवेल पडला होता.

"हा टॉवेल इथं टाकायला हे काय धर्मशाळा आहे?"

आर्या दचकून उठली. मग तिचा चेहरा हळूहळू पसरला. "अजून," ती म्हणाली. "आई, अजून ओरड."

रेश्मानं प्रवेशयादीपासून सुरुवात केली आणि बऱ्याच मागं गेली. शेवटी दोघी एकाच ओल्या टॉवेलला डोळे पुसत बसल्या होत्या.

पाठोपाठ बाकीचं येऊ लागलं. पिंगळेकाकूंच्या हाताची ऊब रिक्षात बसल्या बसल्या आठवायची आणि उतरायचं ठिकाण मागं पडायचं. बुगडीवरून केंद्रात निघणाऱ्या आलेखात मात्र तिच्या नावापुढं 'भावस्थैर्य: उत्कृष्ट' असं येत होतं, पूर्वीपेक्षाही उत्कृष्ट. परीटसरांनी अभिनंदन केलं. कायमची ऑर्डर या महिन्यातच निघेल, म्हणाले. तो आलेख कुणाच्या काळजाचा आहे, हे रेश्माला ठाऊक होतं. म्हणूनच तिनं तो नीट पाहायला हवा होता. पण माणसाला आपलंच काळीज परत मिळत असताना दुसऱ्याचं बघायचं राहून जातं. आणि ऑर्डर हवी होती, हेही खरं.

अण्णा बरे दिसत होते. दूध तोलेनासे झाले. "कोण?" विचारलं की "रेश्मा" एवढ्यावर दार उघडू लागलं. मांजर आता कुंपणावरून ओसरीत आली होती आणि अण्णांनी तपास बंद केला होता. मुलाचा, सन्मतीचा, बंगळूरहून फोन आला: "काय जादू केलीत, मॅडम? बाबांनी मला एकदाही विचारलं नाही की घर विकायला काढलंय का." रेश्मा हसली. मग मोबाइल हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या मनात पहिल्यांदा अण्णांसारखा प्रश्न आला: का नाही विचारलं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच, केंद्रात जायच्या आधी, ती अण्णांकडं निघाली. रात्री जागून तिनं शेंगदाण्याचे लाडू केले होते, पण ज्यातून न्यायचे तो डबा अण्णांकडंच होता. म्हणून ते कागदात बांधले.

दार सताड उघडं होतं. तिन्ही कड्या लोंबत होत्या. कॉलनीच्या कोपऱ्यापासून येत होता तो वास याच घरातला होता. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच सुसाट चालू होता. अण्णा दोन पावलांवर खुर्चीत बसून तिकडंच पाहत होते. कालची बुगडी त्यांच्या कानावर होती. घाईत काल ती परत घ्यायचं रेश्मा विसरली, आणि बुगडीला नाडी मिळत होती म्हणून तीही ओरडली नाही. रात्रभर ती अण्णांच्याच कानावर होती. केंद्रात तिनं रिकामी पेटी जमा केली होती. कुणी उघडून पाहिली नव्हती.

तिनं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, अण्णांना दंडाला धरून ओसरीत आणून बसवलं. मग तिचा ताबा सुटला.

"मरायचंय का तुम्हाला? वास येत नव्हता? नाक आहे की नाही? एक काडी ओढली असती तर घर उडालं असतं! दार उघडं टाकून, गॅस सोडून, म्हाताऱ्या, कुणाची वाट बघत बसला होता?"

अण्णा तिच्याकडं प्रसन्नपणे पाहत होते.

"मी ऐकतोय," ते म्हणाले. "तुम्हाला कसं वाटतंय?"

त्यांचा हात वर आला. एक. दोन. तीन.

मग त्यांनी शेजारचा स्टीलचा डबा उचलून तिच्या हातात दिला. "घेऊन जा. घासून ठेवलाय."

डबा फार हलका होता. रेश्मानं झाकण काढलं. खडीसाखरेचा एक खडाही नव्हता. आत तिचाच चेहरा दिसत होता, वाकडातिकडा, रडवेला.

संशय हेच या माणसाचं काळीज होतं. गॅस बंद आहे ना, गोळी तीच आहे ना, रोजची रेश्मा रोजच्यासारखी आहे ना, असं दर घटकेला विचारणारं. आणि ते तिनं, स्वतःचं सोडवताना, गहाण टाकलं होतं.

तिनं बुगडी ओढून काढली.

ती लगेच किंचाळायला लागली. रेश्मानं ती डब्यात टाकली आणि झाकण दाबलं. आवाज बारीक झाला. पिशवीत मोबाइल वाजू लागला, परीटसर. तो थांबला, पुन्हा वाजला. कायमची ऑर्डर वाजत होती म्हणायची. तिनं पिशवी पायानं लांब सरकवली आणि ओसरीच्या पायरीवर बसून रडायला लागली. आधी अण्णांसाठी. मग पिंगळेकाकू रांगेत येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्यामागं खाडेमामा, त्यांच्यामागं सुमतीकाकू. मांजर उठून लांब जाऊन बसली.

अण्णा समोर तसेच बसून होते. उन्हं कुंपणावरून खाली उतरली. गॅसचा वास गेला. रेश्मानं अधूनमधून पदराआडून त्यांच्याकडं पाहिलं; चेहरा तसाच, घासून ठेवल्यासारखा. नस शिकते का, हा तिचाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुणी दिलं नव्हतं. तिला आठवडे लागले होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाकडं आठवडे असतात की नाही?

डबा तिच्या मांडीवर कुरकुरत होता.

अण्णांची मान किंचित वळली. त्यांनी डब्याकडं पाहिलं. मग तिच्या चेहऱ्याकडं. मग परत डब्याकडं. कपाळावर एक आठी पडली, अगदी बारीक, नाक्यावर दूरचा दिवा दिसावा तशी.

"आवाज कसला येतोय?"

"कसला नाही, अण्णा," रेश्मानं नाक ओढलं. तिनं डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. "रिकामा आहे."

अण्णांनी हात पुढं केला. तो पुढंच राहिला.

"उघड."